काकूंच्या हातचं वाइंडिंग

खोली दाखवायला नेताना काकांनी मला भाडं सांगितलं नाही की पाण्याची वेळ सांगितली नाही. आधी पुढच्या खोलीत नेऊन एका पेटीसमोर उभं केलं. पेटीवर मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेतली काळी घोंगडी होती. ती त्यांनी उचलली, घडी घालून स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "बाई, घर तुमचंच समजा. कुटं बी बसा, कुटं बी फिरा. फक्त हिच्या दोन बटनांना हात लावायचा नाय. पयल्याला लागला तर एक वेळ चालंल. दुसऱ्याला नाय."

मी घाटावरची. बदली होऊन शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या एका शाळेत आले होते आणि सापगावात खोली शोधत होते. मला वाटलं, पेटीत देव असतील. निघाला गिटारचा अॅम्प्लिफायर. म्हणजे गिटारचा आवाज मोठा करायचं यंत्र आणि त्याचा स्पीकर, दोन्ही एकाच लाकडी पेटीत. मागून पाहिलं तर आत काचेचे दिवे, जुन्या रेडिओत असायचे तसे. दोन मोठे आणि तीन बोटभर.

काका आता नाहीत. त्यांच्या पाठीमागे भाचा आला, घर बंद करून गेला, पेटीचं काय झालं मला माहीत नाही. गावातले लोक मला म्हणतात, बाई, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याकडे राहिलात, दोन शब्द लिहा की. लिहायला बसले की तीन-चार पानं छान जातात, मग माझंच एक कृत्य आडवं येतं. ते गाळून काकांबद्दल लिहिणं म्हणजे लबाडी. म्हणून आजवर लिहिलं नाही. आता लिहिते.

काका वाशिंदच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. त्याआधी तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. जत्रांतून, लग्नांतून, मुरबाडच्या पलीकडच्या डोंगरातल्या गावांतूनही. पेटी त्यांनी स्वतः बनवली होती आणि तिच्या प्रत्येक बटणाला स्वतःचं नाव दिलं होतं. पहिलं बटण दाबलं की दिवे लागायचे, पण आवाज यायचा नाही. दिवे तापेपर्यंत थांबायचं, मग दुसरं बटण. ह्या मधल्या वेळाला ते 'मुरवण' म्हणायचे. चहा पिऊन होईपर्यंत मुरवण. घाई केली की दिव्यांचं आयुष्य कमी होतं, असं त्यांचं म्हणणं.

ही मुरवण त्यांनी माणसांनाही लावली होती. कुणीही दारात आलं की त्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं आणि आत निघून जायचं. पाच मिनिटांनी बाहेर येऊन मग "बोला". एक विमा विकणारा माणूस तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा काका बाहेर यायच्या आत निघून गेला. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, माणूस काय दिवा आहे का?" तर म्हणाले, "गार मान्सासंगं बोलून काय फायदा नाय, बाई. त्याला काय बोलायचंय ते त्याला बी ठावं नसतं."

पेटीला आवाजाचे दोन मार्ग होते. एकात गिटार जशी आहे तशी ऐकू यायची. दुसऱ्यात आवाज दाट व्हायचा, खरखरीत, लांबत जाणारा. पायाखाली एक छोटं बटण, ते अंगठ्यानं दाबलं की एकातून दुसऱ्यात. काकांच्या भाषेत पहिला 'निवळ', दुसरा 'गढूळ'. हीच दोन नावं त्यांनी सगळ्या जगाला वाटली होती. आमचे मुख्याध्यापक गढूळ. दूध घालणारी म्हातारी निवळ. स्वतः काका, त्यांच्याच मते, चहाच्या आधी गढूळ. बोलताना त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर टेकलेला असायचा. समोरचा थापा मारायला लागला की तो हळूच एकदा दाबला जायचा. गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि लोक त्यांच्याशी बोलताना तोंडाकडे न बघता पायाकडे बघायचे.

आणखी एक बटण होतं, त्याचं नाव 'विहीर'. पेटीच्या तळाशी लांब स्प्रिंगा बसवल्या होत्या. बटण फिरवलं की आवाज त्यांतून घुमून यायचा, विहिरीत तोंड घालून बोलावं तसा. त्या बटणाला दहापर्यंत आकडे होते. काका तीनच्या वर कधी जायचे नाहीत. मी एकदा कारण विचारलं. तर म्हणाले, "वर गेलं का आपलाच आवाज परत येत ऱ्हातो. मान्साला वाटतं, घरात कोनतरी हाय."

रविवारी सकाळी दहाला ते वाजवायचे. पण त्यांचं वाजवणं विचित्र. ऑर्केस्ट्रात गिटारवाल्याच्या वाट्याला जेवढं येतं तेवढंच ते वाजवायचे. सुरुवातीचा तुकडा, मग गाणाऱ्याची जागा मोकळी, मग मधला तुकडा, मग पुन्हा मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत मान डोलवत बसायचे. मी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता मनात गाणं म्हणायची आणि बरोबर माझी ओळ संपली की पलीकडून गिटार यायची. आम्ही दोघांनी अशी किती गाणी पुरी केली असतील. त्यांना हे कधी सांगितलं नाही.

म्हशाच्या जत्रेला एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. बैलांच्या बाजारात त्यांना रस नव्हता, घोंगड्यांच्या दुकानांतही नाही. ते कर्ण्यांखाली उभे राहायचे. आकाशपाळण्याचा कर्णा, मौत का कुआँवाल्याचा कर्णा, भांड्याच्या दुकानाचा कर्णा. प्रत्येकाखाली डोळे मिटून मिनिटभर. मी कंटाळून म्हटलं, "हे तर सगळं गढूळच आहे." तर एकदम माझ्यावर उखडले. "हे गढूळ नाय, बाई. हे फाटलेलं हाय. गढुळात सूर जिता असतो, फाटलेल्यात मरतो. दिव्याचं यंतर गढूळ व्हतं, हे चिपवालं फाटतं. तुमी शिकवता पोरांना आनि तुमाला यवडा फरक कळत नाय?" त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये ते माझ्याशी बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र गढूळ मार्गावर एकच सूर धरून तो विरेपर्यंत मला ऐकवला. मला फरक कळला. खरंच कळला.

आता काकूंविषयी. त्यांना मी पाहिलेलं नाही. मी राहायला आले त्याच्या सहा वर्षं आधी त्या काविळीनं गेल्या. मूलबाळ नव्हतं. भिंतीवर त्यांचा फोटोही नव्हता. काका म्हणायचे, "फोटो कशाला? लोखंड हाय ना."

लोखंड म्हणजे पेटीतला एक ट्रान्सफॉर्मर. दिव्यांतून निघणारा जोर स्पीकरला तसाच्या तसा पेलत नाही, मध्ये लोखंडाच्या पट्ट्या आणि त्यांवर तांब्याच्या तारेचे हजारो वेढे लागतात. पेटीचं बाकी सगळं सामान काकांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलं होतं. ही वस्तू हवी तशी मिळेना. काकू वाशिंदच्या एका वर्कशॉपचं कॉइल गुंडाळायचं काम घरी आणून करायच्या. हातानं फिरवायचं एक यंत्र होतं, त्याचा आकडे मोजणारा काटा केव्हाच मोडलेला. त्यांनी तोंडानं मोजत हे वाइंडिंग केलं. तीन हजारांवर वेढे. एका थरावर कागद, वर दुसरा थर, पुन्हा कागद. चौथी शिकलेल्या बाईनं.

"एक वेढा इकडचा तिकडं नाय," हे काकांचं वाक्य. ते त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं, जनगणनेला आलेल्या मास्तरांना सांगितलं. बायकोबद्दल दुसरं काही बोलताना मी त्यांना ऐकलं नाही. ती दिसायला कशी होती, काय आवडायचं, भांडायची का, काही नाही. पण हे एक वाक्य बोलताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की पुढचं काही विचारावंसं वाटत नसे.

आणि आता माझं कृत्य.

शाळेचं स्नेहसंमेलन होतं. आदल्या दिवशी साउंडवाल्यानं लग्नाची सुपारी घेतली आणि आम्हाला नाही म्हणून कळवलं. मुलींनी कीबोर्डवर दोन गाणी बसवली होती, महिनाभर घासून. मी काकांकडे पेटी मागितली. पेटी कधी घराबाहेर गेली नव्हती. काका पाच मिनिटं आत जाऊन बसले. बाहेर आले ते घोंगडी घेऊनच. "पोरांचं हाय म्हनून," एवढंच म्हणाले. छोट्या टेम्पोत पेटीशेजारी ते स्वतः बसले, एक हात तिच्यावर ठेवून.

शाळेत पेटी मांडली, पहिलं बटण दाबलं, दिवे लागले. गिटारची वायर त्यांनी स्वतःच्या गळ्यात अडकवून ठेवली होती, डॉक्टर नळी ठेवतात तशी, म्हणजे त्यांच्यावाचून कुणी काही जोडू नये. मग त्यांना शाळेच्या अर्थिंगची शंका आली. जमीन कोरडी असेल तर अर्थिंग धरत नाही, म्हणून ते बादली घेऊन इमारतीच्या मागे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला गेले.

तेवढ्यात पाहुणे आले, वेळेच्या आधी. मुख्याध्यापक माझ्या कानाशी, "मॅडम, चालू करा, चालू करा." कीबोर्ड पेटीजवळच्या टेबलावर होता. वायर नव्हती. मी पेटीच्या मागे पाहिलं. तिथे हातभर लांब वायर, दोन्ही टोकांना गिटारच्या वायरसारख्याच पिना. पेटीतून निघालेली आणि पेटीतच गेलेली. मला ती फालतू वाटली. मी ती उपसली, एक टोक कीबोर्डला लावलं आणि दुसरं पेटीच्या पुढच्या, गिटारच्या भोकात.

ती स्पीकरची वायर होती. दिव्यांच्या यंत्राला स्पीकर नसताना कधीही चालू करायचं नसतं. तिकडे जायला वाट नसली की सगळा जोर ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर उलटतो. हे मला नंतर समजलं. तेव्हा मी फक्त दुसरं बटण दाबलं. आवाज आला नाही. मुलगी कीबोर्डच्या पट्ट्या दाबत होती. मी एकेक बटण उजवीकडे फिरवत गेले, शेवटपर्यंत. पायाचंही बटण दाबलं. आत तडतड झाली, एका मोठ्या दिव्यात निळं काहीतरी चमकलं आणि जळक्या लाखेचा वास आला. मी दोन्ही बटणं बंद केली. आणि मग, हे मी नीट विचार करून केलं, वायर काढली आणि होती तिथे परत लावून टाकली.

काका रिकामी बादली घेऊन आले. वास त्यांना दारातच लागला असणार. मी म्हटलं, "काका, पाहुणे आले म्हणून मी दुसरं बटण दाबलं आणि ती बंद पडली." मी त्यांच्या पायाकडे बघत होते. अंगठा हलला नाही. ते म्हणाले, "बटन दाबल्यानं काय व्हत नाय, बाई. तापलेलीच व्हती ती. तुमी नका घाबरू." मुली कीबोर्डशिवाय उघड्या आवाजात गायल्या. बऱ्या गायल्या. काका शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

घरी मीटर लावून त्यांनी पाहिलं. दिवे शाबूत, स्पीकर शाबूत. गेला होता तो ट्रान्सफॉर्मर. रात्रीचं जेवण त्यांनी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला दारात उभे असताना म्हातारीला म्हणाले, "आमच्या हिचाच वेढा कुटंतरी कच्चा ऱ्हायला असंल." मी आत कपबशा धूत होते. ते मला ऐकू आलं.

तेव्हाच बाहेर जाऊन सांगायचं. सांगितलं नाही. मला त्यांची भीती नव्हती, ते ओरडलेही नसते. ते माझ्याकडे बघतील त्याची भीती होती. एक दिवस गेला, मग आठवडा, आणि प्रत्येक दिवसाबरोबर सांगायला आणखी एक गोष्ट वाढत गेली, की काल का नाही सांगितलं. एवढा धीटपणाचा आव आणणारी मी, वर्गात पोरांना खरं बोला म्हणून सांगणारी. रविवारची सकाळ मुकी जायला लागली. गॅसवाला आला तेव्हा त्यानं सहज विचारलं, "काका, वाजवत नाय आताशा?" काकांनी नुसती मान हलवली. ते नेहमीचं वाक्य ते पुन्हा बोलले नाहीत.

मी म्हटलं, कल्याणला नेऊ, नवीन गुंडाळून देतात. ते म्हणाले, "आदी तिचं कुटं चुकलं ते बघाय पायजे. यवडी वर्सं मी लोकांना सांगत फिरलो." म्हणजे वाइंडिंग उलगडायचं. उलगडलं की काकूंच्या हातचं संपलं. तीन महिने ते लोखंड टेबलावर पडून होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मी गावी जायच्या आदल्या दिवशी त्यांनी हाक मारली. "बाई, वाईच रीळ धराल का? येकट्याला जमंना."

पट्ट्या त्यांनी काढून ठेवल्या होत्या. तारेचा ठोकळा काकूंच्याच यंत्रावर बसवला होता. ते उलटं फिरवणार आणि सुटणारी तार मी रिकाम्या रिळावर घेणार. पहिला थर सुटला, खालचा कागद मोकळा झाला. त्यावर पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं होतं. काकांना ते माहीत नव्हतं. त्यांचा चष्मा जवळचं धड दाखवत नव्हता, म्हणून कागद माझ्याकडे दिला. मी वाचलं. वेढ्यांचा आकडा होता आणि पुढे, 'दळन आनाया गेले.'

काटा मोडलेला. मध्ये उठावं लागलं की मोजणी चुकू नये म्हणून काकू कागदावर आकडा टाकायच्या आणि का उठले तेही लिहायच्या. आम्ही शेवटाकडून सुरुवातीकडे चाललो होतो. एकेक थर सुटत होता आणि मी वाचत होते. 'लाईट गेली.' 'पावने आले.' 'पानी.' एका ठिकाणी, 'हे वाजवत व्हते, दोनदा मोजलं.' त्यावर काका हसले. इतक्या दिवसांनी हसले. म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचलं.

मग तो थर आला. कागदाला कडेला दाण्याएवढं काळं भोक पडलं होतं, भोवती तार जळून चिकटलेली. काकांनी यंत्र थांबवलं. "हितं गेलाय. काय लिवलंय?"

पेन्सिल अजून दिसत होती. वर्गात फळ्यावरचं वाचावं तशी मी सरळ वाचून गेले. "आंग गरम हाय. तरी बसले."

वाचून झाल्यावर मला कळलं मी काय केलं ते. मला ते न वाचणंही शक्य होतं. पुसलंय म्हणता आलं असतं.

काकांनी कागद माझ्या हातून घेतला. चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांशी धरला. बराच वेळ. मग म्हणाले, "ताप व्हता तिला. मला म्हाईत व्हतं. मी म्हनलो, थोडंच ऱ्हायलंय, दिवाळीच्या आदी उरकून टाक." कागद जपून टेबलावर ठेवला. "ती नाय चुकली, बाई. तिला बसवली मी."

मी रीळ खाली ठेवलं. "काका, वायर मी काढली होती."

"कोनती?"

"मागची. स्पीकरची. तुम्ही पाणी ओतायला गेलात तेव्हा. कीबोर्डला लावायला. सगळी बटणं मी शेवटपर्यंत फिरवली. त्यानं जळलं हे. काकूंचं काही चुकलं नव्हतं, तुमचंही नाही."

"मी आलो तवा वायर जाग्यावर व्हती."

"मी परत लावली. तुम्हाला कळू नये म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ज्या नजरेची तीन महिने भीती वाटत होती, ती ही नव्हती. ही फार मऊ होती. "बाई," ते म्हणाले, "स्पीकरची वायर येडा बी काडनार नाय. आनि तुमाला कोनती पिन कुटली ते तरी ठावं हाय का? मास्तरीन तुमी, पोरांची मनं राखायची सवय तुमाला."

"शपथ घेते, काका."

"नको. माज्यासाटी खोटी शपत नको." ते खुर्चीतून उठले. मी रडत होते, ते त्यांना काही वेगळंच वाटलं असणार. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "यवडं कोन कोनासाटी बोलत नाय. तुमचं चांगलं व्हईल," ते म्हणाले, आणि उरलेली तार सोडवायला बसले.